वीस चिंचोके

पुस्तकाचं जे पान मला पहिल्यांदा भेटलं, त्यात छटाकभर जिरं बांधलेलं होतं. मायने पुडी सोडून जिरं डब्यात ओतलं आणि कागद चुलीकडे सारला. तो मी उचलला, कारण त्यावर दोन डोक्यांचा कुत्रा होता. चित्र हुशारीने काढलेलं होतं. एक डोकं भुंकत होतं आणि दुसरं त्याच्याकडे वैतागून बघत होतं. खाली इंग्रजी मजकूर आणि पंचांगात असतो तसा आकड्यांचा तक्ता. कुत्र्याला इतके आकडे कशाला लागतात ते मला कळेना, आणि न कळलेली गोष्ट तशीच सोडून द्यायची सवय मला तेव्हाही नव्हती. मी उठून थेट दुकानात गेले.

दुकान सरोजच्या वडिलांचं. राजस्थानातून आलेली जैन माणसं, कुंभार पिंपळगावात त्यांची ही तिसरी पिढी. घरात मारवाडी, गल्ल्यावर आमच्यासारखीच बोली. सरोज माझ्या वर्गात होती, म्हणून तिच्या वडिलांना मीही बाबूजीच म्हणायची. पुड्या बांधायला त्यांच्याकडे जालन्याहून पोत्याने रद्दी यायची, त्यातच ते पुस्तक आलेलं. मी पोहोचले तेव्हा त्याचं कव्हर, पुढची चाळीसेक पानं आणि शेवटची काही पानं गावभर हळद-जिऱ्यात वाटली गेली होती. मधला गठ्ठा तेवढा खिळ्याला लटकत होता. "मला हे पाहिजे," मी म्हणाले. बाबूजींनी चष्म्यावरून बघितलं. "घे की. पण तेवढ्याच वजनाची दुसरी रद्दी आण. पुड्या कशात बांधू मी, हातात?" मी चुलत्याकडची जुनी वर्तमानपत्रं आणली. त्यांनी एका पारड्यात पुस्तक ठेवलं, दुसऱ्यात वर्तमानपत्रं, वर अर्धं पान फाडून टाकलं आणि म्हणाले, "बराबर झालं. जा."

उन्हाळ्याची सगळी सुट्टी ते वाचण्यात गेली. शब्दकोश शाळेतून आणला होता. हळूहळू उमगलं ते असं : हा एक खेळ आहे, पण त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण सांगतो, बाकीचे ऐकतात. सांगणारा म्हणतो, तुम्ही एका भुयाराच्या तोंडाशी उभे आहात, आत काहीतरी हललं. मग तो विचारतो, तुम्ही काय करता? प्रत्येकाने एक सोंग घेतलेलं असतं, कोणी योद्धा, कोणी जादूगार, आणि तो त्या सोंगाच्या वतीने बोलतो. त्याने म्हटलेलं जमतं का फसतं, ते नशिबावर. त्यासाठी पुस्तकात वीस बाजूंचा एक फासा होता. असला फासा जालना जिल्ह्यात कुठे मिळणार? मी वीस चिंचोके घेतले, कर्कटकाच्या टोकाने त्यांवर एक ते वीस आकडे कोरले, कोरलेल्यात खडू भरला आणि एका सुपारीच्या पिशवीत टाकले. हात घालायचा, एक काढायचा. मोठा आकडा चांगला, लहान वाईट, आणि संकटात हात घातला असताना एक निघाला तर मरण. हे सगळं पुस्तकात होतं. एकच गोष्ट त्यात सापडली नाही : जिंकायचं कसं. ते पान पुड्यांत गेलं असणार, असं मी धरून चालले. खेळ म्हटला की जिंकणं आलंच, तेव्हा मीच ठरवलं. भुयाराच्या तळाशी एक प्रचंड साप बसलेला आहे. तो मारला की जिंकलं.

माझा भाचा आता पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी दोस्त जमवून हाच खेळ खेळतो. त्याच्याकडे अख्खी पुस्तकं आहेत, रंगीत फासे आहेत. मी त्याला सुरुवातीची पानं उघडायला लावली. तिथे सरळ लिहिलेलं होतं की या खेळात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. मी ते दोनदा वाचलं आणि पुस्तक मिटून त्याला परत दिलं. तो म्हणाला, "मावशी, काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही, जरा उशिरा मिळालं."

आम्ही खेळायचो ते बाजारच्या दिवशी. त्या दिवशी शाळा सकाळची असायची आणि दुकानात इतकी गर्दी, की मागच्या गोदामात कोण काय करतंय हे बघायला कोणाला सवड नसे. गोदामात मिठाची पोती, गुळाच्या ढेपा आणि हिंगाचा असा वास, की घरी गेल्यावर माय माझी वेणी हुंगून सांगायची मी कुठून आले ते. पुढून गिऱ्हाइकांचं "जल्दी द्या हो, एस्टी जाईल" आणि शेजारून पिठाच्या गिरणीची पुकपुक. ती गिरणी शकूच्या घरची. शकू आमच्याच वर्गात. जन्मापासून गिरणीच्या वर आवाज काढून बोलायची सवय, त्यामुळे ती कानात गुपित सांगायची तेही बाजाराला ऐकू जायचं. शकू तलवारवाली झाली. झाडूची एक काडी तिची तलवार. सरोज जादूगार झाली आणि आपले तीन मंत्र वहीच्या मागच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहून घेऊन बसली. मी सांगणारी. शकू मला मास्तरीण म्हणायची, ते काही आदराने नव्हे.

काकीजी, म्हणजे सरोजची आई, मधेच मेथीचे खाखरे पाठवायच्या. मी माझी भाकरी आणायची, पण चटणीत लसूण, म्हणून ती पायरीवर बसून खायची आणि चूळ भरून आत यायची. यात कोणाला अपमान वाटत नसे. नियम होता, एवढंच. दुसरा नियम सूर्याचा. दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण उरकायचं असे. काकीजींनी "ब्याळू!" म्हणून हाक मारली की सरोज भर लढाईतून उठायची. शकू ओरडायची, "आगं, राक्षस काय थांबतो व्हय तुमच्या जेवणासाठी?"

याचं उत्तर एक दिवस दारातून आलं. "थांबंल. अंधारात त्यालाबी काय दिसतंय?"

त्या भुआजी. सरोजची आत्या. लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन भावाकडे परत आलेल्या, आमच्या खेळाच्या वेळी चाळिशीच्या पुढे. पांढरं लुगडं, हातात माळ, सकाळ-संध्याकाळ सामायिक, म्हणजे घडीभर एका जागी ध्यानाला बसणं, चातुर्मासात पालेभाजी बंद. पोरी गोदामात काय करून राह्यल्या ते बघायला काकीजींनी त्यांना पाठवलं होतं. त्या बघायला आल्या, पुढच्या बाजारी परत बघायला आल्या, आणि तिसऱ्या बाजारी मिठाच्या पोत्यावर बैठक घालून म्हणाल्या, "छोरी, मलाबी घे." मी विचारलं, तुम्ही कोण होणार? योद्धा? जादूगार? "मी काय होऊ? मी बाईच बरी. पिशवीत शिदोरी आसलेली बाई." नाव काय? त्या जरा थांबल्या. "केसर." मी वहीत लिहिलं : केसर, शिदोरीवाली. चिंचोका काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी हात पुढे केला नाही. "माझ्या हातात माळ हाय. माझा तूच काढत जा." तेव्हापासून त्यांचा चिंचोका मी काढायची.

भुआजींनी माझ्या भुयाराचं पार वेगळंच काहीतरी करून टाकलं. दारातल्या दोन डोक्यांच्या कुत्र्यावर शकू काडी उपसून धावली, तर यांनी विचारलं, "त्याला भूक लागली आसंल का?" मी म्हणाले, असेल. "कोणत्या तोंडाला?" याचा मी विचारच केला नव्हता. त्यांनी एका तोंडाला खाखरा दिला, दुसऱ्याला दिला नाही, दोन्ही डोकी एकमेकांत भांडायला लागली आणि आम्ही बाजूने आत गेलो. शकू भडकली. "ह्यात मारामारी कुठाय? हे तर स्वयंपाकघर झालं!" पण पुढच्या वेळी तीच आधी विचारू लागली की ह्या राक्षसाला काय आवडतं. भुआजींचे प्रश्न संपत नसत. आत झाडतं कोण? उजेड कुठून येतो? साप एका जागी इतकी वर्षं का बसलाय, त्याला दुसरं काम न्हाई का? मी घरी मुगाच्या शेंगा तोडताना, भांडी घासताना याच गोष्टींची उत्तरं शोधायची. मला ते आवडायचं आणि रागही यायचा, कारण साप एका जागी का बसलाय हे मला काही केल्या सापडत नव्हतं. आज माझ्या हाताखाली बियाण्याची उगवण तपासणाऱ्या बारा बायका आहेत. त्यांतली एखादी असले आडवे प्रश्न विचारते तेव्हा मी तिला गप्प करत नाही. तिला दुसऱ्या दिवशी जास्तीचं काम देते.

जैनांचं उपासाचं पर्व, पर्युषण, जवळ आलं. बाबूजींनी सांगितलं, ते आठ दिवस खेळ बंद, आणि मग दिवाळीचा माल येईल तेव्हा गोदामात बसायला जागा राहणार नाही. म्हणजे त्याआधीचा एकच बाजार हातात होता. सापाची लढाई मी तीन आठवडे बसून रचली होती. पहिला वेढा, दुसरा वेढा, विषाची फुंकर, मंत्र उलटणं, सगळं वहीत मांडून ठेवलेलं. त्या दिवशी आम्ही तळाशी पोहोचलो तेव्हा ऊन गोदामाच्या वरच्या झरोक्यातून तिरपं यायला लागलं होतं. शकू काडी घेऊन उभीच राहिली. आणि भुआजी म्हणाल्या, "केसर फुडं व्हते. मोकळ्या हातानं. तिला त्याच्याशी बोलायचंय."

मला दिसलं पुढे काय होणार ते. बरा आकडा निघाला की साप बोलणार, भुआजी त्याला शंभर प्रश्न विचारणार, काकीजी हाक मारणार, आणि माझी लढाई वहीतच राहणार. कोणी जिंकणार नाही. मी पिशवीत हात घातला. आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे चिंचोके भाजलेले होते, आणि भाजलेला चिंचोका दिसला की तोंडात टाकायचा ही शकूची सवय. एक नंबरच्या चिंचोक्याची कड तिने पहिल्याच दिवशी दाताने उडवली होती. माझ्या बोटांना तो न बघता ओळखू यायचा. मी तो शोधला आणि बाहेर काढला.

"एक," मी म्हणाले.

"आयला! भुआजी मेल्या!" शकू.

"शके, तोंड आवर!" सरोज.

भुआजींनी माळेचा मणी पुढे ओढला. "तडफडून का लगेच?"

"लगेच."

"मंग बरं झालं," त्या म्हणाल्या आणि पोत्यावरून उतरून आत गेल्या. मी लढाई सुरू करायला वही उघडली, पण शकूनेच काडी बाजूला ठेवली. "जाऊ दे मास्तरीण. आज न्हाई." तीन आठवडे रचलेल्या लढाईतला एक वेढाही पडला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत सरोजने मधल्या सुट्टीत मला सांगितलं, ते असं सहज, डबा उघडता उघडता. केसर हे भुआजीचं माहेरचं नाव. सासरी गेल्यावर बदललं. परत आली तेव्हापासून सगळे नुसतं भुआजीच म्हणतात. ते नाव घरात कोणी घेत नाही. पर्युषणाच्या पहिल्या दिवशी कळलं की भुआजींनी अठाई धरलीय, आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसा. सरोज म्हणाली, ती दरवर्षीच धरते. शकू म्हणाली, "काय सांगतीस! हिनं तिला मारलं, आन् आता ती बाई खाईना." शकू चेष्टेत बोलली हे मला समजत होतं. दोन गोष्टींचा काही संबंध नाही हेही समजत होतं. तरी सहाव्या दिवशी माय मला साता विचारायला, म्हणजे तपस्वी बाईची खुशाली विचारायला, घेऊन गेली आणि चटईवर पडलेल्या भुआजींचे ओठ पांढरे पडलेले दिसले, तेव्हा मी मायच्या मागे सरकले. माय म्हणाली, "साता हाय ना भुआजी?" त्यांनी मान हलवली. माझ्याकडे बघितलं नाही. किंवा बघितलं असेल. मी खाली बघत होते.

पर्युषणाचा शेवटचा दिवस, संवत्सरी, झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुगाचं पाणी घेऊन भुआजींनी उपवास सोडला आणि सरोजचा दंड धरून त्या घरोघर निघाल्या. वर्षभरात ज्याच्या त्याच्याशी जे काही झालं त्याची क्षमा मागायची, हा त्यांचा रिवाज. गावातल्या लोकांना ते माहीत होतं. लोक गडबडून हात जोडायचे आणि "आता बसा, चहा घ्या" म्हणायचे. आमच्या अंगणात माय शेंगा बडवत होती. भुआजींनी तिच्यापुढे हात जोडले. "खमत खामणा. मनानं, बोलण्यानं काय दुखावलं आसंल तर माफ करा." माय म्हणाली, "आहो तुमी कशाला वो..." आणि पदर सावरून तिनेही हात जोडले. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"छोरी, तुझीबी. त्या दिवशी मला तुझा राग आल्ता. सामायिकात बसले तरी तो साप म्होरं यायचा. तुझ्यावर राग धरला, त्याची माफी."

याला उत्तर ठरलेलं होतं. नुसते हात जोडले असते तरी भागलं असतं. कोणालाच काही कळलं नसतं आणि खेळही पुन्हा सुरू झाला असता. मी म्हणाले, "भुआजी, तो चिंचोका निघाला न्हाई. मी वळखून काढला. त्याची कड उडलीय."

सरोजने भुआजींचा दंड सोडला. माय म्हणाली, "कसला चिंचोका?" आणि कळण्याइतकं कळल्यावर माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "खोटं खेळलीस व्हय गं? आन् ह्या बाईसंगं?"

भुआजी ओट्यावर बसल्या. उभं राहवत नव्हतं त्यांना. "का पर?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, दोन डोक्यांच्या कुत्र्याबद्दल विचारलं होतं तसंच.

"तुमी सापाला मारू दिलं नसतं."

"न्हाई दिलं तर?"

"मंग जिंकणार कसं?"

"जिंकल्यावर काय मिळतं?"

"माहीत न्हाई. ते पान जिऱ्यात गेलं."

त्यांना हसू आलं. आठ दिवसांच्या उपाशी पोटाला ते झेपेना, त्यांनी कुशीवर हात दाबला. सरोज मात्र हसली नाही. ती ताठ आवाजात म्हणाली, "आता केसरला जित्ती कर. तूच मारलीस, तूच कर. सांगणारीच्या हातात सगळं आसतं."

"करते," मी लगेच म्हणाले. "ते धरायचंच न्हाई."

"आजिबात न्हाई," भुआजी म्हणाल्या. "मेलेलं माणूस तसंच उठून बसत न्हाई. एक खोटं झालं, त्यावर दुसरं कशाला? केसर मेली. पर छोरी, जीव कुठं गेला तिचा?"

"म्हंजे?"

"जीव काय मरतो का? तो दुसऱ्या घरी जातो. चौऱ्याऐंशी लाख योनी हायत. तू सांगणारी हायस ना? मंग सांग. कुठं गेला?"

पुस्तकाच्या उरलेल्या कोणत्याही पानात हे नव्हतं.

"जवळ कोण व्हतं?"

"साप."

"मंग साप मी."

"साप माझा हाय!" माझ्या तोंडून गेलं.

"व्हता," भुआजी म्हणाल्या.

माझं डोकं तेव्हाही हिशेबी होतं. मी म्हणाले, साप तर आधीपासून जिवंत आहे, त्याच्यात त्याचा जीव आहेच. तुम्ही आत शिरणार कुठून? त्यांनी हे गंभीरपणे घेतलं. मग विचारलं, "साप हाय का सापीण?"

"मी ठरवलं न्हाई."

"ठरव."

तिथे, बडवलेल्या मुगाच्या फोलपटात उभी असताना, मला कळलं की साप इतकी वर्षं एका जागी का बसलाय. त्याच्याखाली अंडं होतं. मी ते मोठ्याने बोलले आणि भुआजींनी मान डोलावली, जणू त्या पुष्कळ वेळ माझ्यासाठीच थांबल्या होत्या. "मंग बराबर. अंड्यातलं पिल्लू मी."

सरोज माझ्याशी पंधरा दिवस बोलली नाही. वर्गात माझ्यापासून दोन बाकं लांब बसली. तिने पिशवीतले सगळे चिंचोके काढून फेकले आणि नवे वीस आणले, न भाजलेले, आणि एकेक डोळे मिटून चाचपून बघितला. हे मला योग्यच वाटलं. आजही वाटतं. दिवाळीचा माल त्या वर्षी उशिरा आला. दोन बाजार गेल्यावर आम्ही चौघी पुन्हा गोदामात बसलो. सरोज बोलत नव्हती, पण आली होती.

मी सांगितलं : सापीण वेढे घालून बसलीय, फणा वर आहे. तिच्या पोटाखाली काहीतरी फुटल्याचा आवाज आला. शकूने काडी उगारली. मी भुआजींना विचारलं, पिल्लू काय करतं? त्यांनी माळ गळ्यात अडकवली आणि पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. माझ्याकडे न बघता हात घातला आणि स्वतःच चिंचोका काढला. पंधरा. त्यांनी तो सरोजला दाखवला, शकूला दाखवला, आणि मग मला.

"पिल्लू बाहेर जातं," त्या म्हणाल्या.

"सापिणीच्या बाहेर?"

"भुयाराच्या बाहेर. आत काय हाय ते मला माहीत हाय. बाहेर काय हाय?"

बाहेर काहीच नव्हतं. माझ्या वहीत भुयाराचा नकाशा होता, दालनं होती, तळ होता; भुयाराच्या तोंडाच्या पलीकडे मी एक रेघही मारली नव्हती. मी वही मिटली. "रस्ता हाय," मी म्हणाले. "कच्चा. बैलगाडीच्या चाकोऱ्यांत पाणी साचलंय."

"रस्त्यावर कोण हाय?"

"कोण न्हाई." मग मला दिसलं. "हाय. एक जण येतंय. लई लांब हाय."

"बाई का बाप्या?" पंधरा दिवसांत सरोज माझ्याशी बोललेले पहिले शब्द ते.

"आजून दिसंना."

"मंग पिल्लू चाकोरीच्या कडंला थांबतं," भुआजी म्हणाल्या.

शकूने काडी खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा ती हळू आवाजात बोलली. "मीबी थांबते. बघू कोण हाय ते."

कोण आहे ते मलाही बघायचं होतं.